बोटाएवढं भोक

"मी काही तिला कायमची नेत नाहीये. दोन महिने. मोजून दोन."

"दोन महिने म्हणजे किती, ते तिला समजावून सांगा ना, ताई. तिला अजून उद्या कळत नाही. 'काल' म्हणजे तिच्या लेखी आंघोळीच्या आधीचं सगळं."

"मग उत्तमच की! जिला काळच कळत नाही, तिला दोन दिवस काय आणि दोन महिने काय."

"मला कळतो ना पण."

"तुला काय काय कळतं ते दिसतंच आहे. आरशासमोर उभी राहा एकदा. डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखं झालंय."

आत्या बोलत होती आणि बोलता बोलता ढबूचे कपडे पिशवीत भरत होती. रफूवाली बोलत होती आणि बोलता बोलता तेच कपडे पिशवीतून काढून पुन्हा फळीवर ठेवत होती. त्यामुळे अर्धा तास झाला तरी पिशवी भरतही नव्हती आणि रिकामीही होत नव्हती. जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती सव्वादोन वर्षांची ढबू पलंगाखाली पालथी पडली होती. फरशीच्या फटीत तिने एक बोट घातलं होतं, आणि ते ती पुन्हापुन्हा आतबाहेर करत होती.

"ढबू, बाहेर ये गं राणी," आत्या वाकून म्हणाली. "यायचंय ना आत्याकडे? आत्याकडे मांजर आहे."

पलंगाखालून आवाज आला, "मांजराला इकडे आण."

"बघा," रफूवाली म्हणाली.

"काय बघा? चार दिवस झाले, पोरगी दुपारची झोपलेली नाही. संध्याकाळ झाली की हातपाय आपटून घर डोक्यावर घेते. तू ही अशी..." आत्याने दोन्ही हातांनी हवेत एक भलामोठा गोल काढला. "तुला खाली बसता येत नाही आणि बसलीस तर उठता येत नाही. डॉक्टर म्हणतात आता कधीही. आणि आमच्या बंधुराजांचं काय? कुठली तरी लिफ्ट कुठल्या तरी मजल्यावर अडकली, की तो आलाच घरी. म्हणजे नाहीच आला."

बंधुराज, म्हणजे रफूवालीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या बोगद्यात दोरखंडांशी बोलून घरी आला की त्याच्याकडे माणसांसाठी फारसे शब्द उरत नसत. सकाळी पाना-पक्कडची पेटी उचलताना त्याला तिने विचारलं होतं, "ढबूला पाठवायचं का?" तेव्हा तो म्हणाला होता, "तू ठरवशील तसं." जगातलं सगळ्यात गोड आणि सगळ्यात निरुपयोगी वाक्य. ते बोलून तो रस्त्याला लागलाही होता.

"आणि ती बादली उचलायची नाही, आधीच सांगून ठेवते," आत्याने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे बादलीत ढबूची जुनी झबली, टोपडी आणि मोजे पिळून ठेवलेले होते, नव्या बाळासाठी पहाटेच धुतलेले. "ओलं कापड केवढं जड असतं माहितीय?"

"मी रफू करते, ताई. कापड कसं असतं ते मला माहितीय."

"आणि मी तीस वर्षं पोस्टात वजनं करतेय. मला न उचलता कळतं."

हसू दोघींच्याही ओठांपर्यंत आलं होतं. कुणीच हसलं नाही. कारण भांडणाच्या तळाशी जे होतं ते अजून वर यायचं होतं, आणि ते आत्यानेच वर काढलं.

"मागच्या वेळी मी येते म्हणाले होते. ही झाली तेव्हा. तू काय म्हणालीस? 'नको, आमचं आम्ही बघू.' बघितलंत. छान बघितलंत. म्हणून मी या वेळी विचारलं नाही, सरळ आले. पाचची बस आहे कोपऱ्यावरून. मी त्या बसने निघणार. हिला घेऊन की हिच्याशिवाय, तेवढं तू सांग."

रफूवालीने हातातला चिमुकला स्वेटर घडी करायला घेतला. एकदा केला, पुन्हा उलगडला, पुन्हा केला. मग बाहेरच्या खोलीतली घंटी वाजल्यासारखं तिला वाटलं, ती वाजली नव्हती, तरी ती उठून बाहेरच्या खोलीत गेली.

बाहेरची खोली म्हणजे दुकान. रस्त्याकडे उघडणारी एकच खिडकी, पण अशी, की तिच्यातून ऊन कधी आत येत नसे, नुसता उजेड येई. पांढरा, शांत, दुधाच्या भांड्यावर तरंगल्यासारखा. खिडकीला टेकून लांब टेबल. टेबलावर सुया टोचलेली उशी, भिंग, आणि दुरुस्तीला आलेले कपडे: एकाचं कोपर विरलेलं, एकाला कसरीने खाल्लेलं, एकाचा खिसा खिळ्याला अडकून गेलेला. रस्त्यावरून कुणी गेलं की त्याची सावली टेबलावरून हलकेच सरकत जायची. गेल्या महिन्यापासून रफूवालीला त्या सावल्या कापडावर सांडलेल्या पाण्यासारख्या वाटत होत्या, आणि हाताने पुसून घ्याव्यात असं वाटायचं. दिवस भरत आले की माणूस अर्धं जागेपणी स्वप्नात राहतं. तिचं तरी तसं झालं होतं.

काम तिला रफूकाकांनी शिकवलं होतं. या दुकानाचे ते आधीचे मालक. आता ते नव्हते, पण त्यांची दोन वाक्यं खिडकीच्या चौकटीत जाळं विणून बसलेल्या कोळ्यासारखी अजून तिथेच होती. पहिलं, "धागा परका नको. ज्याचं भोक, त्याच्याच पोटातला धागा." म्हणजे कोटाच्या बाहीला भोक पडलं तर त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून, कुणाला न दिसणाऱ्या जागेतून, एकेक धागा ओढून काढायचा आणि त्याने भोक विणायचं. उभे धागे आधी, मग आडवे, एक वरून, एक खालून. आणि दुसरं वाक्य, "भोक कुठं होतं हे गिऱ्हाइकाने आपल्याला विचारलं, की समजावं काम झालं."

ती एका राखाडी कोटाच्या बाहीवर वाकली. तो तयार होता, फक्त शेवटची नजर टाकायची होती. कोट पोटावर टेकला तेव्हा आतून एक जोराची लाथ बसली. बाही उडाली.

"गिऱ्हाइकाचा कोट आहे," ती पोटाला म्हणाली. "जरा दमानं."

टेबलाच्या उजव्या बाजूला नव्या बाळाचा ढीग होता. सुती लंगोट, दोन टोपडी, एक मऊ टॉवेल. आणि त्या सगळ्यावर, घडी केलेली, दुपी.

दुपी म्हणजे ढबूचं दुपटं. मऊ लोकरीचं, गडद निळं. दवाखान्यातून ढबू घरी आली ती त्यात गुंडाळूनच, आणि त्यानंतर दुपीशिवाय ती कधी झोपली नाही. सहा महिन्यांची असताना पाळण्याच्या खिळ्यात अडकून त्याला एक भोक पडलं. "उद्या रफू करते," रफूवाली तेव्हा म्हणाली होती. तो उद्या पावणेदोन वर्षं आला नाही. नवरा चेष्टा करायचा, "गावभर रफू आणि घरात दुपटं फाटकं." मग चार दिवसांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, तो ढबूला बंद इमारतीतली लिफ्ट वरखाली करून दाखवायला घेऊन गेला, आणि रफूवालीने ठरवलं, आज. नवं बाळ येतंय, घर नीटनेटकं करायचं. आणि मनाच्या अगदी आतल्या दुमडीत, जिथं ती स्वतःही फारशी जात नसे, तिथं हेही होतं: ढबू आता मोठी बहीण होणार, मग दुपी धाकट्याला होईल.

ती चार तास बसली. दुपीच्याच काठातून धागे ओढले, बारा उभे, दहा आडवे. इतकं सुंदर काम तिच्या हातून क्वचित झालं होतं. नवऱ्याने दुपी उजेडात धरली, फिरवली, बोटांनी चाचपली आणि म्हणाला, "कुठं होतं गं?" तिला इतका आनंद झाला की तिने ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं.

ढबूने त्या रात्री दुपी हातात घेतली. एक कोपरा, दुसरा कोपरा. उलटी, सुलटी. मग खाली टाकली.

"ही नाही."

"अगं, हीच तर दुपी."

"ही नाही. दुपी गेली."

"कुठे गेली? ही काय!"

"दुपी गेली," आणि मग रडू. त्या दिवसापासून दुपारची झोप गेली. आत्या म्हणाली, मत्सर. शेजारीण म्हणाली, मत्सर. "पोटातल्याची चाहूल लागते पोरांना, जागा सुटतेय हे कळतं." आणि ढबूने टाकलेली दुपी रफूवालीने, जरा दुखावून, जरा समजून घेतल्यासारखं करून, घडी करून बाळाच्या ढिगावर ठेवली होती. सुटली असेल सवय, असं स्वतःला सांगत.

उजेड टेबलावरून हळूहळू सरकला. आत आत्या गोष्ट सांगत होती, राजाला झोप येत नव्हती अशी काहीतरी, आणि ढबू दर वाक्याला "का?" विचारत होती. "राजाला झोप का नाही?" "अगं, म्हणजे..." "का?" तीस वर्षं खिडकीपलीकडच्या लोकांना पुरून उरलेली बाई त्या 'का'पुढे हळूहळू नरम पडत चालली होती.

रफूवालीने गाल कोटावर टेकवला. डोळा लागला नाही, लागल्यासारखं झालं.

समोर एक निळं कापड पसरलेलं होतं, खोलीतून दाराबाहेर, दाराबाहेरून रस्त्यावर, रस्त्यावरून जिथं दिसेनासं होतं तिथपर्यंत. तिच्या हातात सुई. मध्यभागी एक गोल भोक होतं आणि त्यातून कुणाचा तरी श्वास वर येत होता, गरम, ओळखीचा नसलेला, तरी तिचाच. तिला ते भोक भरायचं होतं. धागा तर त्याच कापडाचा हवा. ती काठातून धागा ओढायची, विणायची, पुन्हा ओढायची. भोक भरत येत होतं, सुरेख भरत होतं. पण दर धाग्यासरशी काठ जवळ येत होता. रस्ता आखडला. दार आखडलं. आणि काठावर ढबू उभी होती, अनवाणी, एकेक पाऊल मागे सरत. "थांब, शेवटचाच धागा," असं रफूवाली म्हणत होती. किती वेळा म्हणत होती. ढबूच्या टाचेखाली आता कापड उरलं नव्हतं.

घंटी वाजली. या वेळी खरीच.

"झोपला होतात का? मी नंतर येऊ?"

दारात बँडवाले आजोबा होते, ज्यांचा तो राखाडी कोट. आयुष्यभर त्यांनी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, अजूनही कुणी बोलावलं तर वाजवतात, आणि बोलावलं नाही तर गॅलरीत वाजवतात.

"या ना. झोपले नव्हते. कोटावर इस्त्री करत होते, गालानं."

"वा, नवीन पद्धत." ते हसले. "बघू."

त्यांनी कोट अंगात घातला. डावी बाही उजेडात धरली. या बाहीवर, मनगटापाशी, कधीकाळी स्टेजवरच्या दिव्याची ठिणगी उडून जळालेलं एक भोक होतं. गेल्या आठवड्यात त्यांच्या सुनेने कोट आणून दिला होता. आजोबांनी बाही डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, चष्मा वर केला.

"कुठं होतं हो?"

रफूकाका खिडकीच्या चौकटीत नक्की हसले असणार.

"सांगणार नाही," ती म्हणाली.

"नका सांगू. कमाल आहे तुमची. सून म्हणेल, म्हातारा नवा कोट घेऊन आला." ते आरशात वळले, एक खांदा उचलून, मग दुसरा. खूश होते, अगदी मनापासून. आणि तरी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या बाहीवर फिरत होता. इकडे, जरा तिकडे, पुन्हा इकडे. मालक आरशात बघत होता, अंगठा आपला एकटाच काहीतरी शोधत होता.

"काही राहिलं का?" रफूवालीने विचारलं.

"अं? नाही, नाही." त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं आणि लाजले. "याची खोड. तेवीस वर्षं हा त्या भोकात जाऊन बसायचा. वाजवायला सुरुवात करायच्या आधी एकदा तिथं घासायचा, मग छातीतली धडधड थांबायची. आता तुम्ही दारच बुजवलंत." आणि घाईघाईने, "तक्रार नाही हो! काम पहिल्या प्रतीचं. पण अंगठ्याला कोण सांगणार?"

ते गेले. त्यांची सावली टेबलावरून सरकली, राखाडी, लांब, आणि त्या सावलीच्या हाताचा अंगठा शेवटपर्यंत हलत होता.

रफूवाली उभी होती तशीच राहिली.

फरशीच्या फटीत बोट. काल जाळीच्या खुर्चीत बोट. परवा तिच्या स्वेटरच्या काजात बोट, तिने हात बाजूला केला होता, "तुटेल गं बटण." आणि त्याआधी, पावणेदोन वर्षं, रोज दुपारी, निळ्या लोकरीतल्या त्या भोकात एक इवलंसं बोट, आतबाहेर, आतबाहेर, मंद होत होत, मग थांबलेलं. शंभरदा पाहिलेलं. इतकं पाहिलेलं की दिसेनासं झालेलं.

"दुपी गेली" म्हणत होती पोर. खरंच गेली होती. आईने चार तास बसून, भिंग लावून, घालवली होती.

तिने दुपी ढिगावरून ओढली. कात्री उचलली आणि थांबली. कापलेलं भोक वेगळं असतं, धारदार, परकं. ढबूच्या बोटाला खोटं लगेच कळेल. कापायचं नाही, उसवायचं. जसं विणलं तसं मागे जायचं. आयुष्यात तिने कधी चांगलं काम उसवलं नव्हतं.

आणि उसवायचं, तर आधी सापडायला हवं.

तिने दुपी खिडकीशी धरली. नाही. भिंग लावलं. नाही. आडवी धरली, तिरपी धरली, खुर्चीवर पसरून बोटांनी वीण मोजली. काही नाही, सगळीकडे तीच सलग निळाई. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं तर कळसा तिने स्वतःच इतका बेमालूम लपवला होता की काख कुठली तेच आठवेना. स्वतःच्या हुशारीचा तिला इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता.

"काय हरवलं?" आत्या चहाचे दोन कप घेऊन दारात उभी होती. मागे ढबू, आत्याच्या साडीचा पदर धरून, लाल डोळ्यांची, न झोपलेली.

"भोक," रफूवाली म्हणाली.

आत्याने कप खाली ठेवले. "बस. आधी बस तू."

"बसते. पण ते सापडू दे."

"अगं, भोक सापडतं तेव्हा लोक रडतात, हरवल्यावर कोण रडतं?"

पण रफूवाली रडत होती. हसतही होती. रफूकाकांचं तिसरं एक वाक्य होतं, ते तिला आत्ता आठवलं, कारण त्याची गरजच कधी पडली नव्हती: "डोळे फसतात, बोटं फसतात. ओठ फसत नाहीत." तिने डोळे मिटले आणि दुपी ओठांवरून हळूहळू ओढली. काठ. कोपरा. साबणाचा वास, आणि त्याखाली ढबूचा वास, कोवळा, जरासा आंबट. मग एका जागी लोकर अगदी थोडी घट्ट लागली. डोळ्यांना दिसणार नाही इतकी. जीव ओतून केलेलं काम नेहमी थोडं घट्टच होतं.

"सापडलं."

तिने सुईच्या टोकाने पहिला आडवा धागा सोडवला. मग दुसरा.

"वेडी झालीस का?" आत्या टेबलापाशी आली. "एवढं छान केलेलं..."

"ताई, तिचं बोट."

"काय बोट?"

रफूवालीने मानेने खाली दाखवलं. ढबू टेबलाशी येऊन उभी होती आणि तिचं बोट पाण्याच्या बाटलीच्या झाकणाच्या कडीत घुसलं होतं. आत, बाहेर. आत, बाहेर. आत्याने पाहिलं. पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला पत्ता वाचायला वेळ लागत नाही. ती हळूच स्टुलावर बसली आणि तिने स्वतःच्याच चहाच्या कपाचा कान बोटात घट्ट धरला.

दहा आडवे, मग बारा उभे. प्रत्येक धागा निघाला की निळाई किंचित सैल व्हायची, श्वास सोडल्यासारखी. शेवटच्या धाग्यासरशी जुनं भोक उघडलं. जसंच्या तसं, एका बाजूला लांबट, कडा मऊ, झिजलेल्या, पावणेदोन वर्षांच्या दुपारींनी गुळगुळीत झालेल्या. खिळ्याने एक मिनिटात केलेलं आणि ढबूने सावकाश पूर्ण केलेलं.

ते धागे तिने कागदाच्या तुकड्यावर गुंडाळले आणि सुयांच्या डब्यात ठेवले. पुन्हा काठात ओवायला हवे होते. पण काठ काही दिवस असाच आखूड राहिला तर राहू दे, असं तिला वाटलं. बाळाला बाळाचं दुपटं आणू. त्याला त्याचा खिळा भेटेल.

दुपी तिने ढबूच्या हातात दिली नाही. नुसती जमिनीवर ठेवली, सहज, काहीच नसल्यासारखी, आणि आपण चहा उचलला. आत्याही चहाकडे बघत राहिली. दोघी बायका भिंतीकडे तोंड करून इतक्या मन लावून चहा पीत होत्या की कुणालाही संशय यावा.

ढबूने वाकून एक कोपरा उचलला. टाकला. दुसरा उचलला. मग लोकर सगळी छातीशी गोळा केली आणि तिचा हात आत कुठेतरी नाहीसा झाला.

"आली," ती म्हणाली. तक्रार नाही, आश्चर्य नाही. बाहेर गेलेलं माणूस घरी आलं की म्हणतात तसं.

ती टेबलाखालीच आडवी झाली. बोट आत, बाहेर. आत. बाहेर. मग बाहेर यायचं राहूनच गेलं.

रस्त्यावरच्या सावल्या आता लांब होऊन टेबलावरून ढबूच्या केसांवर उतरत होत्या आणि तिला न जागवता पुढे जात होत्या. मग कुजबुजतं भांडण पुन्हा सुरू झालं, कारण ते संपलं नव्हतं.

"बरं. झोपली. पुढे काय?" आत्या दबक्या आवाजात म्हणाली. "एक भोक उघडलंस म्हणून बाळंतपण सोपं होणार आहे?"

"नाही."

"तू दवाखान्यात जाशील, तेव्हा हिच्यापाशी कोण? तो लिफ्टमध्ये. तू पलंगावर. ही इथे दुपी घेऊन एकटी?"

"नाही."

"मग कोण?"

रफूवालीने कप खाली ठेवला. तो ठेवताना आवाज होऊ नये म्हणून तिने फार वेळ घेतला. त्या वेळात ती एक धागा ओढत होती, दोन वर्षांपूर्वी आत दडपून ठेवलेला.

"तुम्ही."

"मी पाचच्या बसने..."

"तुम्ही सुट्टी काढलीय ना? दोन महिन्यांची?"

"हिला सांभाळायला काढलीय!"

"मग? तिथं सांभाळायला काढलेली सुट्टी इथं चालत नाही का?"

"आणि माझं मांजर?"

"त्याचा निकाल मघाशीच लागलाय. पलंगाखालून."

आत्याला हसू आलं आणि तिने ते पदराने दाबलं. पण रफूवाली आता हसत नव्हती. ती खाली, टेबलाखालच्या निळ्या गोळ्याकडे बघत बोलत होती.

"मागच्या वेळी 'आमचं आम्ही बघू' म्हणाले ते... मला वाटलं होतं, मदत घेतली म्हणजे मला जमत नाही असं दिसेल. काही दिसू नये, म्हणून म्हणाले. कुठं कमी पडते ते कुणाला सापडू नये. तेच शिकलेय ना मी. पण खरं तर मी कमी पडत होते, ताई. रोज. आत्ताही पडतेय. हिला नेऊ नका. तुम्ही इथं राहाल?"

कोपऱ्यावर बस आल्याचा आवाज झाला. इंजिन धडधडत उभं राहिलं, दार उघडल्याचा फुसकारा आला. आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आतल्या खोलीतल्या अर्ध्या भरलेल्या पिशवीकडे, मग खुंटीवरच्या आपल्या पर्सकडे. तिने जमिनीवरच्या ढबूकडे पाहिलं आणि त्याहून बराच जास्त वेळ तिच्या आईकडे.

"राहाल, ताई?"

आत्या उठली. पदर कमरेला खोचला. आत जाऊन तिने कोपऱ्यातली बादली उचलली, ओली झबली, ओले मोजे, सगळी, जराही न कण्हता, आणि पायात सापडल्या त्या रफूवालीच्या घरातल्या सपाता अडकवून, मागचं दार ढकलून दोरीकडे निघून गेली.